जांभळाच्या जागी आलुबुखार

लोणावळ्याजवळ वलवणला आमचे वडिलोपार्जित घर आहे. घर तसे लहानच. तीन खोल्या, पडवी आणि पुढे अंगण. त्या अंगणाच्या कडेला एक जांभळाचे झाड होते. २०१३ साली रीतसर परवानगी काढून ते मी तोडू दिले आणि त्याच्या जागी आलुबुखाराचे कलम लावले. आज मी जे काही सांगणार आहे ते सारे या एका उद्योगातून निघाले आहे, तेव्हा आरंभीच कबुली देऊन टाकलेली बरी.

झाड तोडण्याचे कारण ऐकलेत तर हसाल. अंगणात नवी फरशी घातली होती. मे महिना सरत आला की झाडाखाली जांभळांचा सडा पडे, फरशीवर डाग उमटत आणि ते दिवाळीपर्यंत निघत नसत. त्यातच एका पाहुण्यांनी शिमल्याहून आलुबुखारांची पेटी आणली. गर्द लाल, रसाळ फळे. मनात आले, लोणावळाही थंड हवेचेच ठिकाण. शिमल्याला होते ते इथे का होऊ नये? एका रोपवाटिकेत चौकशी केली, तर "होईल की साहेब, लोणावळ्याला हवा थंडच असते," असे उत्तर मिळाले. आता, मी भूगोल शिकवतो. उंची, अक्षांश आणि पाऊस यांचा वनस्पतींशी काय संबंध असतो हे दरवर्षी मुलांना फळ्यावर आकृती काढून समजावतो. पण 'थंड हवेचे ठिकाण' हे नाव मुंबईच्या उकाड्याने हैराण झालेल्या माणसाच्या हिशेबाने पडलेले आहे, झाडाच्या हिशेबाने नव्हे, एवढी साधी गोष्ट त्या दिवशी माझ्या ध्यानात आली नाही.

घरात आत्या तेवढी म्हणाली, "अरे, फळतं झाड आहे. त्यापेक्षा फरशी बदल."

फरशी राहिली, झाड गेले. कलमाला काही फळ धरेना, तेव्हा मी आलुबुखाराविषयी वाचू लागलो. हे वाचन आधी व्हायला हवे होते, हे तुम्ही सांगण्याची गरज नाही.

हा शब्दच मुळी प्रवासी आहे. फारसीत 'आलू' म्हणजे हे फळ. बुखाऱ्याचे आलू ते आलुबुखार. उत्तरेत बटाट्याला आलू म्हणतात, त्याच्याशी याची गल्लत नको. आणि आपल्या मावळात रानात मिळणारे अळू आणखी निराळे. आपल्याकडे आलुबुखार आधी ओळखीचा झाला तो सुकलेला. काळसर, सुरकुतलेला, आंबटगोड. आजही पुण्याच्या रविवार पेठेत वाण्याकडे मागितलात तर तो पुडीत बांधून देईल, आणि बिर्याणीत किंवा चटणीत तो कसा घालायचा हेही सांगेल.

सुकवता येते, हीच या फळाची सारी पुण्याई. अंगात साखर भरपूर, त्यामुळे उन्हात वाळवले की वर्षभर टिकते. जे टिकते ते उंटावर लादता येते, गलबतात भरता येते, शिपायाच्या पडशीत टाकता येते. म्हणून हे फळ मध्य आशियातून आणि कॉकेशसच्या आसपासच्या मुलखातून पश्चिमेला सरकत गेले. इंग्रजांच्या एका आंबटसर जातीचे नाव डॅमसन. ते दमास्कस शहरावरून पडले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन ग्रंथकार प्लिनी याने आपल्या ग्रंथात आलुबुखाराच्या जातींची केवढी गर्दी झाली आहे याची नोंद केली आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच नावे ठेवणे सुरू झाले होते! याचे दुसरे मोठे घराणे चीनमध्ये वाढले. ते युरोपी घराण्याहून निराळे. युरोपी झाडाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे, तर चिनी झाडाच्या पेशीत १६. दिसायला सख्खे भाऊ, पण वंशावळ वेगळी. आज जगातल्या एकंदर आलुबुखारांपैकी निम्म्याहून अधिक पीक एकट्या चीनमध्ये निघते. सर्बियात त्याची दारू गाळतात, स्लिवोवित्सा. तिच्या गावोगावच्या परंपरेला युनेस्कोने २०२२ साली वारशाच्या यादीत घेतले. ती मी चाखलेली नाही, तेव्हा पुढे जाऊ.

मला कुतूहल वाटले ते नावांचे. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याच्या राणीचे नाव क्लोद. तिच्या नावाने एक हिरवट, अतिशय गोड जात आजही फ्रान्समध्ये ओळखली जाते. तिची रोपे अठराव्या शतकात इंग्लंडला गेज नावाच्या एका घराण्याकडे गेली. वाटेत चिठ्ठ्या हरवल्या, नाव कुणाला ठाऊक नाही, म्हणून माळ्याने मालकाच्या नावावरून तिला 'हिरवी गेज' म्हणायला सुरुवात केली, असे सांगतात. पाहा, चिठ्ठी हरवली तरी माळ्याला नाव ठेवल्याशिवाय चैन पडले नाही! नैर्ऋत्य फ्रान्समधल्या आझाँ या गावाचे सुके आलुबुखार प्रसिद्ध. १८५६ साली पेलिए नावाच्या फ्रेंच बंधूंनी त्याच्या काड्या कॅलिफोर्नियात सॅन होजेला नेल्या. समुद्रावरच्या लांबच्या प्रवासात काड्या वाळू नयेत म्हणून त्या कच्च्या बटाट्यांत खोचून आणल्या, अशी कथा आहे. त्या काड्या तिथल्या रानटी आलुबुखारावर बांधल्या, आणि पुढे कॅलिफोर्नियाचा सुक्या आलुबुखाराचा अवाढव्य धंदा त्यातून उभा राहिला.

याच कॅलिफोर्नियात सांता रोझा गावी ल्यूथर बरबँक नावाचा एक माळी होऊन गेला. माळी म्हणतो ते आदराने. १८४९ साली त्याचा जन्म झाला आणि १९२६ साली तो वारला. त्याची एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १८८१ च्या मार्च महिन्यात एक धनिक त्याच्याकडे आला आणि म्हणाला, मला सुक्या आलुबुखाराची वीस हजार कलमे याच वर्षी डिसेंबरपर्यंत पाहिजेत. असे कलम तयार व्हायला एरवी अडीच-तीन वर्षे लागतात. दुसरा कोणीही नाही म्हणाला असता. बरबँकने विचार केला. आलुबुखाराची आठळी रुजायला फार वेळ घेते. पण बदाम त्याच्याच कुळातला आणि तो चटकन रुजतो. त्याने बदाम ओल्या वाळूत घातले, वर गोणपाट पसरले. मोड आले तसतशी रोपे शेतात लावत गेला. जून-जुलैपर्यंत ती बोरूएवढी झाली. मग माणसे लावून एकेका रोपावर आलुबुखाराचा डोळा भरला. डोळा धरल्यावर बदामाचा शेंडा एकदम छाटला नाही. तो नुसता मोडून लोंबत ठेवला, म्हणजे पानांचे पोषण मुळांना चालू राहते आणि जोर मात्र नव्या डोळ्याकडे जातो. डिसेंबरला साडेएकोणीस हजार कलमे तयार होती! उरलेली पाचशे पुढच्या साली दिली.

पुढे १८८५ साली याच बरबँकने जपानहून बारा रोपे मागवली. मूळच्या चिनी घराण्यातली ती रोपे. त्यांचे त्याने नाना प्रकारचे संकर केले. हजारो रोपे लावायची, फळ चाखायचे, मनास आले नाही तर उपटून होळी करायची, असा त्याचा खाक्या. त्यातून १९०६ साली जी जात त्याने लोकांपुढे ठेवली तिला आपल्या गावाचेच नाव दिले: सांता रोझा. परमहंस योगानंदांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेले आपले आत्मचरित्र याच माणसाला अर्पण केले आहे. आणि आपल्या हिमाचल प्रदेशातल्या बागांतून आज जी जात मोठ्या प्रमाणावर दिसते ती हीच. माझ्या पाहुण्यांची पेटी त्याच जातीची. वलवणच्या माझ्या कलमाच्या गळ्यातली चिठ्ठीही 'सांता रोझा' असेच सांगत होती.

मग तिला वलवणला झाले तरी काय?

आलुबुखाराचे झाड हिवाळ्याच्या तोंडाशी पाने झाडते आणि झोपी जाते. ही झोप कॅलेंडर पाहून उघडत नाही. गारठ्याचे ठराविक तास भरावे लागतात. साधारण सात अंश सेल्सिअसच्या खालचे. काही जातींना तीन-चारशे तास पुरतात, युरोपातल्या कित्येक जातींना सातशे ते हजार लागतात. तेवढे तास मोजून झाले की कळीतला अडसर निघतो आणि उन्हाची ऊब लागताच झाड एका झपाट्याने फुलते. ही त्याची सावधगिरी आहे. जानेवारीत चार दिवस ऊन पडले म्हणून फसून फुलावे आणि मागून आलेल्या हिमाने मोहोर जाळावा, असे होऊ नये म्हणून. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरांच्या आत. इथे रात्री पारा दहा-बारा अंशांच्या खाली क्वचित जातो, आणि दुपारी ऊन पडते. आपण स्वेटर घालतो, ती गोष्ट निराळी. झाडाच्या हिशेबात त्या हिवाळ्याचे तास जवळजवळ शून्य. ते बिचारे मोजत बसले. अर्धी पाने गळलेली, अर्धी तशीच. कुठे एखादा डोळा मार्चमध्ये फुटला तर कुठे मेमध्ये. २०१९ साली त्याला मोजून अकरा फुले आली. ती मी मोजली, त्यावरून माझी अवस्था ओळखा. फळ एकही धरले नाही.

थंडी कमी लागणाऱ्या जातीही आहेत, हे खरे. पंजाबच्या मैदानात 'सतलज पर्पल' म्हणून जात लावतात. तिला एकटीला फळ धरत नाही, परागासाठी शेजारी 'काला अमृतसरी' लावावी लागते. मग तीच जोडी इथे का आणू नये? या प्रश्नाला आमचा पाऊस उत्तर देतो. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. आलुबुखाराच्या मुळांना पाणी साचलेले मुळीच खपत नाही. पहिल्या दोन पावसाळ्यांतच माझ्या कलमाच्या सालीतून डिंक गळू लागला होता.

शेजारच्या बंगल्यावरच्या माळीदादांनी एकदा मला विचारले, "सर, त्या साहेबानं बदामावर बांधला म्हणता, मग आपण जांभळाच्या बुंध्यावर का नाही बांधायचा?" प्रश्न हुशारीचा होता. पण कलम जमायला नाते जवळचे लागते. आलुबुखार हा गुलाबाच्या कुळातला; बदाम, जर्दाळू, पीच हे त्याचे चुलतभाऊ. जांभळाचे गोत्र पेरू आणि लवंगेचे. इंग्रज त्याला 'जावा प्लम' म्हणाला, तो केवळ रंग पाहून.

पण माळीदादांच्या त्या प्रश्नात एक गोष्ट होती, ती माझ्या मनाला लागून राहिली. जांभळाचा बुंधा तेव्हा जिवंत होता. तोडल्यानंतरच्या पहिल्याच पावसात त्याला कडेने धुमारे फुटले. लालसर, तुकतुकीत पानांचे. जांभूळ तसे चिवट. दोन-तीन धुमारे राखले असते तर पाच-सहा वर्षांत तेच झाड, त्याच फळांचे, पुन्हा उभे राहिले असते. मी मात्र आलुबुखाराला सावली नको म्हणून तीन वर्षे ते खुडत राहिलो. चौथ्या वर्षी फुटायचे थांबले.

आता या दोन फळांच्या बिया शेजारी शेजारी ठेवून पाहा. आलुबुखाराची आठळी दोन-तीन महिने ओल्या गारव्यात राहिल्याशिवाय रुजत नाही. तिला आधी एक हिवाळा हवा. जांभळाचे बी याच्या अगदी उलट. ते वाळले की मेले. दोन-तीन आठवड्यांत त्याची उगवणीची ताकद जाते. म्हणून झाड मार्च-एप्रिलमध्ये फुलते आणि फळ पिकवते ते नेमके मृगाच्या आगेमागे. बी खाली पडते न पडते तोच वरून पाऊस हजर. वटवाघळे आणि उदमांजरे ते रानभर नेऊन टाकतात. एकाच्या बियांत उत्तरेकडचा हिवाळा साठवलेला आहे, दुसऱ्याच्या बियांत आपला पावसाळा.

फळाचेही तसेच. जांभूळ सुकवून टिकत नाही. पिकले की दोन दिवसांचे सोबती. सकाळी ठाकरवाडीतून निघालेली पाटी दुपारपर्यंत लोणावळ्याच्या बाजारात रिकामी व्हायला हवी. मग त्याचा व्यापारी कोण होणार, त्याला नाव कोण ठेवणार, आणि त्याच्या काड्या बटाट्यात खोचून कोण समुद्रपार नेणार? झाड म्हणून ते दूरदूर गेले, हवाई बेटांवर आणि फ्लोरिडात तर उपद्रवी म्हणून गणले गेले. पण निवडलेली, नाव दिलेली, कलम केलेली जात म्हणून ते फार थोड्या ठिकाणी वाढले. आपल्या महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यात वैतरणेच्या काठी बहाडोली गाव आहे. तिथल्या टपोऱ्या जांभळांतून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण बहाडोली' ही जात काढली, आणि बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या देशात प्रत्येक पूजेच्या संकल्पात जंबुद्वीपाचा उच्चार होतो, तिथे जांभळाच्या नावाजलेल्या जाती मात्र बोटांवर मोजाव्यात.

आमच्या मावळात गावांना झाडांची नावे हवी तितकी आहेत. जांभूळ आहे, जांभवली आहे, करंजगाव आहे, उंबरे आहे, बोरज आहे. झाडांचा अभ्यासही झाला. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातले फादर संतापाव यांनी वर्षानुवर्षे खंडाळ्याची राने तुडवली आणि तिथल्या वनस्पतींवर १९५३ साली मोलाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु वनस्पतिशास्त्राचा ग्रंथ जांभूळ इथे आढळते एवढे सांगतो; अमक्या ओढ्यावरचे गोड आणि तमक्या टेपावरचे तुरट, हे सांगणे त्याचे काम नव्हे. भाताच्या बाबतीत असे झाले नाही. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून १९८७ साली 'इंद्रायणी' निघाला. आज तो घरोघरी शिजतो. भाताला कोणीतरी निवडणारा भेटला. जांभळाला भेटला नाही, असे मी गेल्या जूनपर्यंत खुशाल समजत होतो.

गेल्या जूनमध्ये बाजारात एका ठाकर म्हातारीकडे जांभळे घ्यायला थांबलो. तिच्यापुढे पळसाच्या पानांवर तीन निरनिराळे ढीग होते, आणि तिन्हींचे भाव वेगळे. मी विचारले, "मावशी, जांभळं तर सगळी सारखीच दिसतायत. मग भाव तीन का?"

तिने माझ्याकडे जरा कीव केल्यासारखे पाहिले. "सारकी कशी? ह्ये वढ्याचं. ह्ये देवळामागलं. आन् ह्ये धनगराच्या वाड्यापलीकडचं, ह्याची बी बारीक." एकेक चाखायला दिले. खरोखरच तीन फळांच्या तीन तऱ्हा. देवळामागले घशाला धरणारे, ओढ्याचे पाणचट पण गोड, आणि तिसऱ्यात बी नावालाच. नावे होती तर! प्लिनीच्या यादीइतकीच रीतसर, फक्त कागदावर उतरलेली नव्हती.

मी कुठला, असे तिने विचारले. वलवणचा म्हटल्यावर क्षणभर थांबून म्हणाली, "वलवनला एका मास्तराच्या दारात व्हतं. घडच्या घड, आन् जिभंला जराबी न धरनारं. त्या आत्याबाई आमाला खालचं येचू द्यायच्या. तोडलं म्हनं त्ये."

ते मास्तर म्हणजे आमचे वडील. मी काही बोललो नाही. पाव किलो घेणार होतो, ते एक किलो घेतले. पैसे देताना मात्र राहवले नाही आणि तो मास्तराचा मुलगा मीच, असे सांगून टाकले. ती रागावली नाही. म्हणाली, "त्याच्या बिया आमी टाकल्याल्या हायती की वाडीत, पोरं खाऊन थुकायची. दोन उगवली. आता डोईच्या वर गेल्यात."

पुढच्याच रविवारी वाडीवर गेलो. घरामागच्या बांधाला दोन झाडे, एकाला पहिल्यांदाच थोडी फळे येऊन गेलेली, पण ती वटवाघळांनी आधीच संपवली होती. बियांचे झाड आईसारखे निघेलच असे नसते. जांभळाच्या बाबतीत मात्र थोडी आशा ठेवता येते, कारण त्याच्या एका बीतून कधीकधी दोन-तीन रोपे निघतात आणि त्यांतली काही थेट आईच्याच पेशींपासून झालेली असतात. फळ चाखल्याखेरीज कळणार नाही. मावशींना सांगून ठेवले आहे की येत्या जूनमध्ये दोन घडांवर फडके बांधा. धनगरवाड्यापलीकडच्या त्या बारीक बीच्या झाडाच्या काड्याही द्यायचे त्यांनी कबूल केले आहे. त्यांना नातवासाठी दोन कलमे हवी आहेत, एवढीच अट.

खुंटासाठी मी वीस पिशव्यांत जांभळाच्या बिया लावल्या होत्या. सतरा उगवल्या. पेन्सिलीएवढी जाड झाली की त्यांच्यावर पाचर कलम बांधायचे आहे. आलुबुखार अजून अंगणात उभाच आहे. त्याला या वर्षी पाच फुले आली. फरशीच्या दोन लाद्या उकरून खड्डा कुठे घ्यायचा, ते आत्याने खडूने आखून ठेवले आहे.